बदाम कोण पाठवतं?

"म्हणजे ते बदाम तू पाठवतेस?" आत्यानं विचारलं.

तासगावचे बेदाणे तिनं परातीत ओतून घेतले होते आणि एकेक उचलून त्याचा देठ ती नखानं खुडत होती. प्रश्न विचारताना नख थांबलं.

"बदाम नाही गं. हार्ट."

"पत्त्यांत काय म्हणतो आपण त्याला?"

बदामच म्हणतो. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. ज्यांच्याकडे प्रेक्षक फार आणि वेळ कमी, त्यांच्या वतीनं प्रेक्षकांशी बोलायचं, हे आमचं काम. माझ्या वाट्याला एक पाककृतीवाल्या ताई आल्यात. सहा लाखांवर लोक त्यांचे व्हिडिओ बघतात, रोज तीन-चारशे जण खाली काही ना काही लिहितात, आणि ताईंच्या नावानं त्यांना उत्तरं देते ती मी. एका एक्सेल शीटमध्ये बावीस वाक्यं तयार आहेत. 'खूप खूप प्रेम ताई.' 'करून बघा आणि नक्की कळवा हं.' 'तुम्ही आहात म्हणून मी आहे.' हे शेवटचं दिवसातून तीनदाच वापरायचं, अशी टीप शीटच्या कोपऱ्यात आहे.

आत्या आता सत्तरीच्या पुढे गेली. ऐंशीच्या दशकात ती सांगलीला रेडिओवर नैमित्तिक उद्घोषक होती, म्हणजे महिन्याला सहा ड्युट्या, मानधनावर. तेव्हा या विषयात आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या, असं तिचं म्हणणं. मला ते मान्य नाही, आणि त्यावरून त्या शनिवारी आमची चांगली तासभर जुंपली.

निमित्त झालं मराठवाड्यातल्या एका बाईंचं. त्या रोज लिहायच्या. आज तुमच्यासारखी आमटी केली, ह्यांना आवडली. आज कढीपत्ता नव्हता, तरी केली. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी लिहिलं की हे गेले, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून तुमचा व्हिडिओ लावून बसते. त्या दिवशीच्या चारशे ओळींतली ती एक ओळ. माझं बोट सवयीनं चाललं. 'खूप खूप प्रेम ताई', पुढे बदाम. पाठवून झाल्यावर मी ते वाचलं.

"नोकरी सोडावी म्हणतेय," मी आत्याला सांगितलं.

"एवढ्यासाठी? त्या बाईंना काय वाटतं, तुझ्या ताई स्वतः बसून सहा लाख लोकांना लिहितात?"

"वाटतं, आत्या. तेच तर विकतो आम्ही."

"लोक इतके खुळे नसतात."

"खुळे नसतात, मान्य. पण मेंदूची घडणच अशी आहे. कुणी आपल्या डोळ्यांत बघून, आपल्याच भाषेत, रोज ठरल्या वेळी बोलायला लागलं की तो माणूस ओळखीचा, अशी मनात नोंद होते. पडद्यावरचा की दारातला, ही चौकशी नंतरची. १९५६ साली शिकागोच्या दोघांनी, हॉर्टन आणि वोल यांनी, यावर निबंध लिहिला होता. रेडिओ-टीव्हीवरचे निवेदक प्रेक्षकाशी समोरासमोर असल्यासारखं बोलतात, प्रेक्षकही मनात उत्तरं देतो, आणि त्यातून दुरून जवळीक तयार होते. त्याला त्यांनी पॅरासोशल म्हटलं."

"मराठीत सांग."

"एकतर्फी नातं."

आत्यानं तोंड वाकडं केलं. "एकतर्फी म्हटलं की आपल्याकडे पेपरातली बातमी आठवते. एकतर्फी प्रेमातून हल्ला. चांगल्या शब्दाची माती झाली."

शब्दाच्या बाबतीत तिचं बरोबर आहे. आपल्या भाषेत एकतर्फी प्रेम फक्त पोलीस ठाण्यात नोंदवलं जातं. आयुष्यभर कुणावर नुसता जीव लावून बसणाऱ्याला आपल्याकडे चांगलासा शब्द नाही. पण बातमीही खोटी नसते, हे मला म्हणायचं होतं. १९८० च्या ८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये ज्यानं जॉन लेननला गोळ्या घातल्या, त्यानं काही तास आधी त्याच लेननकडून रेकॉर्डवर सही घेतली होती. १९८९ साली रिबेका शेफर ही तरुण अभिनेत्री एका चाहत्यानं तिच्या दारात मारली, आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियानं पाठलागाविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे तसं कलम यायला २०१३ उजाडलं.

"माथेफिरू सगळीकडे असतात," आत्या म्हणाली. "देवळातही असतात. म्हणून दर्शन बंद करतेस? बाकीच्या लाखांचं बोल."

"बाकीच्यांचंच बोलते. निळू फुले घे."

निळू फुले सेवादलाचे, राहणी साधी, बोलणं मृदू. पण पडद्यावरचा त्यांचा सरपंच आणि पाटील बायकांच्या मनात इतका रुतला, की प्रत्यक्षात समोर आल्यावरही बायका त्यांना बिचकत, वाटेल ते बोलत. ते स्वतः हे हसून सांगत आणि कामाची पावती समजत. "त्यांनी हसण्यावारी नेलं हा त्यांचा मोठेपणा," मी म्हणाले. "पण त्यात त्या खऱ्या माणसाला जागाच नव्हती गं. आणि प्रेमाचंही तसंच. लोक ज्याच्यावर प्रेम करतात तो माणूस अस्तित्वातच नसतो."

"आणि लग्नात असतो?"

यावर मी काय बोलणार? आत्याचे मिस्टर, आमचे मामा, आतल्या खोलीत झोपले होते. ती स्वतःच हसली, आणि पुन्हा देठ खुडायला लागली.

मग तिनं बालगंधर्व काढले. ते निघणारच होते. सांगलीकडच्या माणसाशी नाटकाबद्दल दहा मिनिटं बोललात तर त्यांच्या नागठाण्याचं नाव येतंच. तिच्या आजीच्या पिढीतल्या बायका नऊवारीचा घोळ, अंबाड्यावरचा गजरा, शालू खांद्यावरून कसा घ्यायचा, हे एका पुरुषाकडून शिकल्या. बाई कशी दिसावी हे बायकांना शिकवायला एक पुरुष लागला, यावर खरं तर निराळा लेख होईल.

"आजीनं त्यांना दोनदा पाहिलं असेल, तेही लांबून," आत्या म्हणाली. "पण आरशासमोर उभी राहिली की ते मागे उभे असायचे. पन्नास वर्षं. यात कुणाचं काय बिघडलं? आणि तू एकतर्फी म्हणतेस, ते तरी कुठं? 'मानापमान'चा पहिला प्रयोग, १९११ साल. त्याच दिवशी मुलगी गेल्याचं कळलं, आणि बालगंधर्व तोंडाला रंग लावून उभे राहिले. का राहिले? समोरची माणसं त्यांची कोण होती? काहीतरी देणं लागतो असं वाटल्याशिवाय माणूस असं करेल?"

"तिकिटं गेली होती."

"तुझ्या तोंडाला काही हाड आहे का?"

चूक माझीच. पण मुद्दा सोडण्यासारखा नव्हता. पैसा यात पहिल्यापासून आहे, आणि जिव्हाळ्याला चिकटूनच आहे. हॉर्टन-वोल यांच्या निबंधात अमेरिकेतल्या 'लोनसम गॅल' नावाच्या रेडिओ कार्यक्रमाचं मोठं उदाहरण आहे. रात्रीच्या वेळी एक एकटी बाई मऊ आवाजात ऐकणाऱ्या पुरुषाशी बोलायची. जणू तो दमून घरी आलाय आणि ही त्याचीच वाट बघत होती. हजारो पत्रं यायची, त्यांत लग्नाच्या मागण्या. बोलणाऱ्या बाई प्रत्यक्षात विवाहित होत्या, आणि लोकांसमोर यायची वेळ आली की चेहऱ्यावर मुखवटा लावायच्या. त्या एकटेपणाच्या मधेमधे जाहिराती.

आत्याला मुखवट्याची गोष्ट फार आवडली. तिनं ती पुन्हा सांगायला लावली. का, ते मला नंतर कळलं.

"अमीन सयानी नाही का दातांची पेस्ट विकायचे!" ती म्हणाली. "१९५२ पासून रेडिओवर बिनाका. म्हणून 'बहनों और भाइयों' खोटं होतं का? ते गेले तेव्हा मी रडले. माझा सख्खा चुलत भाऊ त्याच महिन्यात गेला, त्याला नाही रडले. आता हे विकृत म्हणायचं तर म्हण."

विकृत नाही म्हणत. प्रामाणिकपणे सांगायचं तर संशोधन बरंचसं आत्याच्या बाजूचं आहे, आणि मी तिला तेही सांगितलं. खुद्द हॉर्टन आणि वोल यांनीच लिहून ठेवलंय की बहुतेक लोकांच्या बाबतीत अशी नाती खऱ्या नात्यांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नाही. जागा घेऊ लागली की दुखणं. अमेरिकेत २००९ साली जे अभ्यास झाले त्यांत असं दिसलं की एकटं वाटलं की माणसं आवडत्या मालिकेकडे वळतात, आणि तिच्या नुसत्या विचारानंही एकटेपणा थोडा उतरतो. इस्राएलमध्ये जोनाथन कोहेन यांनी २००४ साली विचारलं होतं, की तुमचं आवडतं पात्र मालिकेतून गेलं तर काय होईल. खऱ्या नात्यांत जी माणसं सोडून जाण्याच्या भीतीनं सतत धास्तावलेली असतात, त्यांनाच इथेही सगळ्यात जास्त त्रास होईल असं वाटलं. म्हणजे मन एकच आहे. दारातल्या माणसासाठी एक आणि पडद्यातल्यासाठी एक, असे दोन कप्पे त्यात नाहीत.

"मग झालं तर," आत्या म्हणाली.

"नाही झालं. ऐकणाऱ्याच्या मनाबद्दल माझी तक्रार नाहीच. बोलणाऱ्याच्या बाजूला कोण बसलंय, ती आहे. अमीन सयानी 'बहनों और भाइयों' म्हणायचे तेव्हा ते स्वतः म्हणायचे. आणि परत काही बोलायचे नाहीत. ऐकणाऱ्याला ठाऊक होतं की पलीकडून उत्तर येणार नाही. आता उत्तर येतं. आणि ते मी पाठवते."

"आमच्याकडेही उत्तर यायचं की. फर्माइशीत नाव वाचायचो. तिकडे तेव्हाच्या बिहारात झुमरीतलैया म्हणून गाव, फर्माइशी धाडून धाडून त्या लोकांनी गावाचं नाव देशभर केलं. त्यांना काय, गाणं ऐकायचं होतं? गाणं लागणारच होतं. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं."

"नाव वाचणारी तूच होतीस ना?"

"मीच."

"मग तेच म्हणतेय मी."

ती गप्प झाली, पण हरल्यासारखी नाही. दुसरीकडून यावं तशी आली.

"आपल्याकडे आणखी एक आहे बघ. आपण माणसाला नुसत्या नावानं ठेवत नाही, नात्यात ओढतो. लतादीदी, आशाताई, पु. लं.ना भाई. मुंबईला मावशीकडे गेलं की रेडिओवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. त्यातले टेकाडे भावजी म्हणजे तिच्या चाळीत सगळ्यांचेच भावजी. आणि तो होम मिनिस्टरवाला. २००४ ला कार्यक्रम सुरू झाला आणि बघता बघता आदेश बांदेकर अख्ख्या महाराष्ट्राचे भावजी झाले. बायका त्याच्यासमोर नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायच्या, सासूची चेष्टा करायच्या. परक्या पुरुषासमोर केलं असतं का हे? नातं लावलं की मोकळं होता येतं. हे काही टीव्हीनं शिकवलेलं नाही. विठ्ठलाला माउली म्हणणारी माणसं आपण."

हा तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता, आणि त्यालाच मी धरलं.

"पण आत्या, नातं लावलं की त्याच्या मागून बाकीचं सगळं येतं. भावजी म्हटलं की हळदीला येणं आलं. ताई म्हटलं की भाऊबीज आली, बाळंतपण आलं. आणि मरणाला येणं तर आलंच. त्या बाईंनी ताई म्हटलं. त्यांच्याकडे माणूस गेलं. ताईंनी काय केलं? ताईंना माहीतसुद्धा नाही. त्या दिवशी त्या पुरणपोळीचं शूटिंग करत होत्या."

नख थांबलं. परातीत देठ काढलेल्यांचा ढीग एका बाजूला, न काढलेल्यांचा दुसऱ्या. आत्या दुसऱ्या ढिगाकडे बघत राहिली.

"मीही एकदा फसवलंय," ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याकडून आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. जत तालुक्यातल्या एका खेड्यातून तिला दर आठवड्याला पोस्टकार्ड यायचं. तिच्या संध्याकाळच्या सभेनंतर. लिहिणारा शेतकरी होता, अक्षर मोठं, वळणदार, आणि डाव्या कोपऱ्यात क्रमांक. क्र. ७. क्र. ८. कधी गाणं मागितलं नाही, भेट मागितली नाही. म्हैस व्याली. पाऊस नाही. धाकटीचं जमत नाही, पत्रिका आड येते. एकदा आत्याला सर्दी होती आणि तशाच आवाजात तिनं ड्युटी केली. पुढच्या कार्डात एकच ओळ होती, ज्येष्ठमध चघळत जा.

"एक दिवस तो आला. हुरड्याचे दिवस. पटका बांधलेला, हातात कापडी पिशवी. जतहून एसटीनं आला होता. ड्युटी रूमच्या दारात मीच उभी. मी विचारलं, कोण हवंय? म्हणाला, ताईंना भेटायचंय, अमुक कार्यक्रमातल्या. माझंच नाव घेतलं."

"मग?"

"मग काय! मी त्याच्याशी बोलले होते गं. माझ्या आवाजात. त्यानं ओळखला नाही. माइकजवळ तोंड नेऊन, हळू, खालच्या पट्टीत बोललेला आवाज निराळा लागतो. समोर उभ्या बाईचा तसा नसतो. तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता, ताई येतील म्हणून. मी कशी होते तेव्हा, तुला फोटोतनं माहीत आहे. दातांना तार, अंगात सुती साडी, बोटाला शाई. त्याच्या डोळ्यांत कोण होतं ते मला दिसलं, आणि ती मी नव्हते."

"काय सांगितलंस?"

"ताई आज रजेवर आहेत म्हटलं. चहा पाजला. तो अर्धा तास बसला. ताई कशा आहेत, सर्दी गेली का, सगळं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. हुरडा ठेवून गेला."

मी काही बोलणार होते, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पुढच्या आठवड्यात कार्ड आलं. क्र. ४२. आपली भेट झाली नाही, पण तुमच्या इथल्या बाई फार चांगल्या आहेत. चहा दिला. त्यांना नमस्कार सांगावा."

आम्ही दोघी हसलो. तिचं हसू जास्त वेळ टिकलं, आणि शेवटी हसल्यासारखं राहिलं नाही.

"म्हणजे तूसुद्धा मुखवटा लावलास."

"लावला. आणि तुझ्या त्या अमेरिकन बाईला काय वाटत असेल ते मला बरोबर कळतं. पण तू म्हणतेस तशी ती फसवणूक होती का, ते अजून ठरत नाही. मी खरं सांगितलं असतं तर त्याची ताई मी मारली असती. आणि बदल्यात काय दिलं असतं? ही बाई."

"म्हणून तर म्हणते, ते प्रेम तुझ्यावर नव्हतंच."

"नव्हतं. पण ज्येष्ठमध कुणी चघळला?"

हा वाद असा कुठे संपत नाही. मी तिला विचारलं की पुढे काय झालं. कार्डं ११७ पर्यंत आली आणि बंद झाली. तिच्या ड्युट्या सकाळच्या सभेत गेल्या होत्या. सकाळी तो रानात असणार. किंवा रेडिओ बिघडला असेल. आणखी एक किंवा तिनं उच्चारलं नाही.

"पत्ता होता ना कार्डावर? एक ओळ टाकायची."

"वैयक्तिक उत्तर द्यायचं नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "तेवढ्यानंच नाही. कोण म्हणून लिहायचं? ताई म्हणून, की चहा देणारी बाई म्हणून?"

मामा उठले, बाहेर आले, परातीतले चार बेदाणे तोंडात टाकून पुन्हा आत गेले. देठांसकट. आत्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"त्याला माझं काय ठाऊक होतं? एक आवाज," ती म्हणाली. "मला त्याच्या म्हशीचं नावसुद्धा माहीत. चाळीस वर्षं झाली. अजून मधेच डोक्यात येतं, त्या धाकटीचं जमलं असेल का."

मी फोन काढला. शनिवार असला तरी ताईंच्या पानावर येणं-जाणं चालूच होतं. पुरणपोळीच्या व्हिडिओखाली दोनशे चाळीस जण. मी वरून खाली सरकवत गेले, मग आदल्या दिवशीच्या व्हिडिओखाली, मग त्याच्या आदल्या. या अकरा दिवसांत मी हे रोज रात्री करत होते, आणि कामाचा भाग म्हणून करते असं स्वतःला सांगत होते. कढीपत्ता नव्हता तरी आमटी केली, असं लिहिणारं कुणी नव्हतं.

"आलं का काही त्या बाईंचं?" आत्यानं विचारलं.

"नाही."

तिनं परात उचलून दोघींच्या मधे ठेवली.